बाजूचा आवाज

धाकटीचे लग्न झाले त्या वर्षीची गोष्ट. टीव्ही-स्पीकरच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या, कठडा नव्हता आणि मुलगा आमच्या पाठोपाठ येत होता.

बायकोने कोपरापाशी माझ्या सदऱ्याची बाही धरली होती. पायरी आली की मी बोलण्यात "बरं का" घालायचो आणि ती पाऊल उचलायची. घराबाहेर पडताना ही आमची ठरलेली खूण होती.

"बरं का, दुकान बरंच वाढवलंय यांनी," मी म्हणालो. तिने पाऊल उचलले. "बरं का, पूर्वी एवढं नव्हतं." दुसरी पायरी झाली. तिसरीला काय बोलावे ते सुचेना, तेव्हा मी नुसताच "बरं का" म्हणालो.

"बाबा, कळलं. सगळं बरं आहे," मुलगा मागून म्हणाला. "आणि हे हात धरून चालणं कधीपासून? म्हातारपणी प्रेम उतू चाललंय."

"तुला रे काय करायचंय? माझा नवरा आहे," ती म्हणाली.

तो हसला. मी दारातच रुमाल काढून मान पुसली.

तिला दिसत नव्हते. काचबिंदूने नजर कडेकडेने जाते. आधी तिच्या दोन्ही बाजू गेल्या. मग नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसायचे. ती नळीही बारीक होत होत मिटली. आता खिडकी कुठे आहे एवढे उजेडावरून कळायचे, बाकी काही नाही. ही बाई औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायला होती. पांढऱ्या उजेडापुढून बाटल्या सरकत जायच्या आणि ती त्यांतला कण, केस, काचेचा तडा हेरून बाटली बाजूला काढायची. मी तिथेच खोकी उचलायचो. तिशी उलटल्यावर खोक्यांवरची अक्षरे मला तिनेच वाचायला शिकवली. ते तिचे डोळे.

हे मला आणि धाकटीला माहीत होते. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याला आम्ही एवढेच सांगितले होते की डोळे जरा अधू झालेत, औषधाचे थेंब चालू आहेत. कारण धाकटीच्या लग्नात त्याने सगळ्यांदेखत मला बजावले होते, "आईची नजर आणखी जरा जरी कमी झाली ना, तर मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येईन. तुम्हा दोघांना इथं एकटं ठेवणार नाही." तो मायेने बोलला होता आणि बोललेले करणारा आहे. म्हणूनच भीती होती.

त्याचे घर नवव्या मजल्यावर. एकदा जाऊन आलो होतो.

"तिथल्या भिंती मला पाठ नाहीत," ती मला म्हणाली होती. "इथं मी घरातली बाई आहे. तिथं मी खोलीत बसवून ठेवलेली बाई होईन."

मग दुकानात कशाला आलो? तिच्याच हट्टाने. मुलाने पाठवलेला मोठा टीव्ही घरात होता, पण त्याचा सगळा आवाज समोरून एका ढिगात यायचा. बोलतोय कोण, आला कुठून, गेला कुठे, तिला काही उमगायचे नाही. कारखान्यातल्या तिच्या एका मैत्रिणीकडे होम थिएटर होते. तिथे एक अख्खा सिनेमा ऐकून आल्यावर तिने घरातला टीव्ही बंद करायला लावला. मग म्हणाली, "अहो, तिथं मला बाजू होत्या."

मी समजावून पाहिले. मुलगा येईल, दुकानात नेईल, दिवसभर डोळ्यांसमोर राहील, सगळे उघडे पडेल. तिने ऐकले नाही. फोन करून स्वतःच त्याच्याकडे मागितले. आजवर तिने त्याच्याकडे काही मागितले नव्हते, म्हणून तो रजा टाकून धावत आला.

आणि येताना मिशी काढून आला.

ते तिला दिसणार कसे? गाडीत त्याने आरशातून मागे पाहत विचारले, "आई, माझ्यात काही बदल वाटतो का?"

मी तिच्या शेजारीच होतो, पण आरशात माझेही तोंड दिसत होते. मिशी कशी सांगणार?

"बारीक झालास," ती म्हणाली.

"एवढंच?"

"मग आईला आणखी काय दिसणार?"

तो आरशातून तिच्याकडे पाहतच राहिला. ते पाहणे मला आवडले नाही.

दुकानदार पोटाने गोल आणि जिभेने मोकळा होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. मी बायकोची बाही खाली ओढली, ती बसली.

"काका, रिसीव्हर म्हणजे काय ते आधी सांगतो," तो म्हणाला. "आवाज गाठोडं बांधून येतो. रिसीव्हर ते गाठोडं सोडतो आणि वाटप करतो. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरला, डावीकडचं डाव्याला, मागचं मागच्याला. स्पीकर कितीही भारी आणा, वाटणारा धड नसेल तर सगळे उपाशी."

"म्हणजे घरातल्या बाईसारखं," ती म्हणाली.

"अगदी बरोबर, काकू. आणि तिच्यासारखाच दिवसभर गरम."

मुलाने आधीच मनात एक धरून ठेवला होता. रुंद, काळा, समोर सगळी काच. नऊ स्पीकर घेणारा.

"हाच घेऊ," तो म्हणाला. "सगळं मोबाईलवरून चालतं. मी तिकडून बसल्या बसल्यासुद्धा लावून देईन."

तिने हात पुढे केला. दुकानदाराने कौतुकाने तो खोका तिच्याकडे सरकवला. तिचा तळवा काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि कुठेही न अडकता खाली उतरला.

"याला धरायचं कुठं?"

"धरायचंच नाही, काकू. इथं अक्षरं उजळतात, बघायचं आणि बोट टेकवायचं."

मुलगा तिच्या बोटांकडे पाहत होता.

"नको," ती म्हणाली. "जन्मभर काचेकडेच बघत आले. आता घरात तरी काच नको."

दुकानदाराने दुसरा काढला. साधा, पाच स्पीकरचा आणि एका दणक्याच्या डब्याचा. समोर मुठीत मावतील अशी दोन गोल बटणे. तिने एक फिरवले. टिक, टिक, टिक. मागे फिरवले. पुन्हा तेवढेच टिक.

"हे आवाजाचं का?"

"हो. आणि डावीकडचं, टीव्ही लावायचा की गाणी, ते ठरवायचं."

"तू मोजतेयस काय?" मुलाने विचारले.

"वस्तू घेताना हलवून बघावी."

"आई, हे जुनं मॉडेल आहे. मी चांगलं द्यायला निघालोय आणि तू मागचं मागतेस."

"चांगलं कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच ना."

"मग मला विचार की."

त्याचा चेहरा उतरला. दुकानदार चतुर होता. भांडण वाढायच्या आत म्हणाला, "भाऊ, ऐकल्याशिवाय वाद कसला? आत चला."

आतली खोली बंद, भिंतींना जाड कापड, समोर पडदा. त्याने दिवा घालवला. मी चाचपडलो, मुलगा कशाला तरी अडखळला. ती मात्र सरळ जाऊन खुर्चीच्या पाठीला हात लावून बसली. मला ते अंधारातही कळले आणि मुलाला कळले नसावे एवढीच मी आशा केली.

आधी मोठा लावला. छाती हादरली. पडद्यावर काहीतरी कोसळत होते आणि त्याखाली दोन माणसे बोलत होती, पण त्यांचे बोलणे बुडत होते. मुलगा खुशीत मान डोलवत होता. मग लहान लावला. पडद्यावर एक गल्ली आली. डावीकडून सायकलची घंटी वाजत आली, आमच्यामागून फिरली आणि उजवीकडे निघून गेली. तिची मान घंटीबरोबर वळत गेली. मग मागून एका बाईने कुणाला तरी हाक मारली आणि ती चक्क मागे वळली.

"मागे काय बघतेस?" मुलगा म्हणाला. "पडदा पुढं आहे."

"हाक मारली ना कुणीतरी."

"हीच तर गंमत, भाऊ," दुकानदार खूश झाला. "लाखात एखादं गिऱ्हाईक असं वळतं. काकू, चित्र कसं वाटलं? पडदा नवाच आलाय."

मी खोकलो. खोकण्याने काय होणार होते, पण खोकलो.

"चित्राचं काय," ती म्हणाली, "चित्र दिसतंच. आवाजाचं बोला. हाच द्या."

मुलाने पाकीट काढले. तो बाहेर पैसे द्यायला गेला तेव्हा मी तिच्या कानाशी लागलो, "मिशी. मिशी काढलीय त्यानं."

गाडीत बसता बसता ती म्हणाली, "आणि ती मिशी परत ठेव. तिच्यात तू तुझ्या तरुण बापासारखा दिसायचास, ते एक गेलं."

त्याने वळून पाहिले. "आत्ता सांगतेस होय?"

"चारचौघांत काय सांगायचं? दुकानदारासमोर म्हणू का, सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोयस?"

तो मोठ्याने हसला. घरी पोचेपर्यंत हसत होता. मला वाटले, पार पडलो.

दुपारी त्याने जोडणीला हात घातला. माणूस बोलावू म्हटले तर म्हणाला, एवढ्याला माणूस कशाला. स्पीकर जागच्या जागी ठेवले, टीव्हीचे कपाट भिंतीपासून ओढले आणि बॅटरी दातात धरून मागे पालथा पडला. त्याचे नुसते पाय दिसत होते. मी वायरी पुढे करत होतो. ती स्वयंपाकघरात चहा करत होती. धाकटीने सासरी जायच्या आधी डब्यांची मांडणी हाताच्या हिशोबाने करून दिली होती, साखर कोपऱ्यात, चहा तिला लागून. बायकोचा चहा माझ्यापेक्षा चांगला व्हायचा.

जोडणी झाल्यावर त्याने पुड्यातून अंगठ्याएवढा मायक्रोफोन काढला. ऐकणाऱ्याचे डोके जिथे असेल तिथे तो ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो, अंतर जोखतो आणि त्या डोक्याच्या बेताने वाटप ठरवतो. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचे नाही. त्याने तो सोफ्याच्या मधोमध ठेवला.

"माझ्या खुर्चीत ठेव," ती म्हणाली. तिची वेताची खुर्ची खिडकीपाशी होती.

"अगं, ती एका कडेला आहे. सोफ्यावर सगळ्यांना सारखं ऐकू येईल."

"सोफ्यावर पाहुणे बसतात. ते उठून जातात. मी कुठं जाणार आहे?"

शेवटचे वाक्य तिने उगाच बोलल्यासारखे बोलले, पण मला ते टोचले आणि त्यालाही टोचले असावे. तो उठला. तिला खुर्चीत बसवून तिच्या कानाची उंची पाहिली, मग तिला उठवून खुर्चीत रिकामे डबे रचले आणि वरच्या डब्यावर मायक्रोफोन ठेवला. स्पीकरमधून एकामागून एक वाफ सुटल्यासारखे आवाज आले. आम्ही तिघे भिंतीला टेकून उभे होतो.

मग पडदे ओढून सिनेमा लावला. मुलाने आणलेला, आम्ही न पाहिलेला. एक मोठी खोली, नवरा-बायकोचे भांडण, बाई एकटीच रडत उरते. ती खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. आवाज खरोखर घरभर पसरला होता आणि तिच्या तोंडावर मी कितीतरी महिन्यांत न पाहिलेले काहीतरी होते. मी निर्धास्त झालो. तीही झाली. आणि निर्धास्त झाली म्हणूनच बोलायला लागली. पूर्वी सिनेमा पाहताना सारखी बोलायची.

पडद्यावर उजव्या हाताचे दार उघडले. एक म्हातारा काठी टेकत आत आला.

"बघ, बघ," ती म्हणाली, "म्हातारा कसा गुपचूप येतोय. आणि तिला पत्ताच नाही."

तिने बोट दाखवले. डावीकडे.

मी पडद्याकडे पाहिले. म्हातारा उजवीकडे होता. मग कान दिला. काठीचा आवाज डावीकडून येत होता. मला ते तोवर कळलेच नव्हते, कारण मी पाहत होतो.

"कुठून येतोय, आई?" मुलाने विचारले. आवाज अगदी साधा होता.

"हा काय, या बाजूनं. डोळे आहेत ना तुला?"

तिचे बोट डावीकडेच होते. म्हातारा चालत चालत पडद्याच्या मधोमध आला आणि डाव्या टोकाच्या खिडकीपाशी गेला. काठी उजवीकडे वाजायला लागली. तिचे बोट सावकाश उजवीकडे गेले.

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी काय करणार? इथे "बरं का" म्हणायला पायरी नव्हती. मी खाली फरशीकडे पाहिले आणि त्यातच त्याला उत्तर मिळाले.

त्याने रिमोट उचलून सिनेमा थांबवला.

"का रे थांबवलंस?"

तिचे बोट अजून वर होते. गाडी बाहेर उभीच होती. त्याने म्हटले असते, आई, कपडे भर, तर मी कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

"वायरी उलट्या लागल्यात," तो म्हणाला. "मी मागून जोडत होतो ना. माझं डावं ते इकडचं उजवं. माझी चूक."

तिने हात खाली घेतला. खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि तो दांडा घट्ट धरला. ती मूर्ख नव्हती. वायरी उलट्या असताना पाहणाऱ्याने कुठे बोट दाखवले असते, हे तिला आमच्याआधी कळले असेल.

"मग नीट कर," ती म्हणाली.

तो कपाटामागे गेला. पुन्हा नुसते पाय दिसत होते. दोन वायरी अदलाबदल करायला एवढा वेळ लागत नाही. बॅटरी पेटलेली दिसत नव्हती. मी उठायला लागलो, तर तिने चाहूल घेऊन मला हातानेच बसवले.

बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर धूळ होती आणि ती गालांवर ओली झालेली होती.

"परत मोजायला लागेल," तो म्हणाला. "ऊठ जरा."

डबे पुन्हा रचले, वर मायक्रोफोन ठेवला. पुन्हा ते वाफेचे आवाज, एकेका कोपऱ्यातून. आम्ही तिघे भिंतीला टेकून उभे. कुणी बोलायचे नव्हते, हे फार बरे होते. मधेच त्याने तिचा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला.

मग सिनेमा मागे नेऊन लावला. दार उघडले, काठी वाजली. या खेपेला ती काही बोलली नाही.

"आई, म्हातारा आला," तो म्हणाला.

"हो. उजवीकडून."

"उजवीकडून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आवाजाच्या बटणावर डिंकाचा एक बारीक ठिपका वाळवून ठेवला, नेहमीचा आवाज जिथे लागतो तिथे. का ते कुणी विचारले नाही. मग बॅग घेऊन दारात उभा राहिला.

"निघतो, आई. दाराशी उभा आहे."

"दिसतंय मला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेलो. गाडीचे दार उघडून तो तसाच थांबला.

"कधीपासून, बाबा?"

"सहाएक महिने."

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू नेलं असतंस."

तो बराच वेळ घराकडे पाहत राहिला. आत तिने रिसीव्हर लावला होता, बटणाचे टिक टिक ऐकू येत नव्हते, पण आवाज हळूहळू वाढत ठिपक्यापाशी थांबला ते कळले.

"नेलं असतं," तो म्हणाला.

"आणि आता?"

"फाटकाच्या पायरीला कठडा बसवून घ्या. मी माणूस पाठवतो." गाडीत बसून काच खाली करून म्हणाला, "आणि ते 'बरं का' पुरे करा. सरळ पायरी आहे म्हणा."

त्यानंतर तो यायचा तेव्हा उंबऱ्यातूनच बोलायचा. मी दारात आहे. मी तुझ्या डावीकडे बसतोय. मी पाणी घ्यायला आत चाललोय. फोनवरसुद्धा सांगायचा की मी खिडकीपाशी उभा आहे, बाहेर ऊन आहे. मिशी त्याने परत ठेवली होती. तिच्या डोळ्यांविषयी त्या दोघांत कधीच बोलणे झाले नाही. ती त्या खुर्चीत बसून सिनेमे ऐकायची, मधे बोलायची, बोट दाखवायची आणि तिचे बोट कधी चुकले नाही.

आता मी सोफ्यावर बसतो. बोलणे ऐकू येते, पण जरासे लांबचे, आपल्याशी नसल्यासारखे. सगळे आवाज खिडकीपाशी जाऊन मिळतात. मागच्या खेपेला मुलाने पुड्यातून तो मायक्रोफोन काढला आणि सोफ्यासाठी मोजून देऊ का म्हणून विचारले. मी नको म्हणालो. त्याने तो परत पुड्यात ठेवला.

धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी, उन्हाळा सुरू होताना, एका सकाळी माझी बायको वारली.